हात गोल फिरतो, पाय का नाही?

गेल्या अंकात एका बाईंना गुडघ्याच्या वाटीबद्दल चार ओळी लिहिल्या, आणि या महिन्याच्या टपालात सांध्यांखेरीज दुसरं काही आलंच नाही. सगळ्या पत्रांना जागा देता येणार नाही, सात निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी एक खुलासा. मी डॉक्टर आहे, पण रुग्ण तपासणारी नाही. 31 वर्षं मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवली, म्हणजे माझे सगळे पेशंट टेबलावर शांत पडलेले असायचे. तेव्हा औषधाचं नाव माझ्याकडे मागू नका. हाड कुठे अडकतं आणि का अडकतं, ते विचारा.

खांदा आणि खुबा हे दोन्ही उखळीचे सांधे आहेत असं पुस्तकात आहे. मी हात पंख्यासारखा गोल फिरवू शकतो. पाय तसा फिरवायला गेलो तर पडलो. पुस्तक चुकलं आहे का?
– आठवीतला विद्यार्थी, पंढरपूर

पुस्तक बरोबर आहे बाळा, आणि तूही. (पडून लागलं का, ते लिहिलं नाहीस. नसावं, कारण अक्षर चांगलं आहे.)

दोन्हीकडे एक गोळा आहे आणि एक खळगा, एवढंच सारखं. पुढचं सगळं खळगा किती खोल यावर ठरतं. खुब्यातली उखळ खरंच उखळासारखी आहे. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात निम्म्याहून जास्त बुडालेला असतो, आणि काठाला कूर्चेची, म्हणजे हाडाहून मऊ आणि लवचिक अशा थराची, एक कडा असते, ती त्याला गळपट्ट्यासारखी धरून ठेवते. खांद्याच्या खळग्याला उखळ म्हणणं म्हणजे त्याला उगीच मोठेपणा देणं. शाळेच्या गॅदरिंगला लिंबू-चमचा शर्यत असते ना, तोच खांदा. दंडाच्या हाडाचा गोळा हे लिंबू, आणि पाठीवरचं त्रिकोणी हाड, म्हणजे खवाटा, त्याच्या टोकाशी असलेला उथळ खळगा हा चमचा. कोणत्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम पाव ते एकतृतीयांश भाग चमच्याला टेकलेला असतो. बाकीचं लिंबू हवेतच. ते पडत नाही, कारण खवाट्यापासून निघालेले चार स्नायू त्याला चारी अंगांनी बोटांसारखे धरून असतात.

पण खरी गंमत पुढे आहे. धाकट्या बहिणीला तुझ्या मागे उभं कर. तिनं बोट तुझ्या खवाट्याच्या खालच्या टोकावर ठेवायचं. आता तू हात बाजूनं उचलत कानापर्यंत ने. सुरुवातीला तिच्या बोटाखाली फारसं काही होणार नाही. मग ते टोक बगलेकडे सरकायला लागेल, तिच्या बोटाखालून निसटेल. हात खालून वर जातो तो 180 अंश. त्यातले साधारण 120 अंश गोळा फिरल्यामुळे मिळतात आणि 60 अंश खवाटाच फिरल्यामुळे. म्हणजे लिंबू तर फिरतंच, पण चमचा धरणाराही चालत असतो! खवाटा फासळ्यांना हाडानं जोडलेला नाही, तो स्नायूंवर तरंगतो. अख्खा हात धडाला हाडानं जोडलेला आहे तो फक्त एका जागी, गळ्याच्या खड्ड्याशेजारी, जिथे गळपट्टीचं हाड छातीच्या हाडाला भेटतं. तिथं बोट ठेव आणि खांदा उडव, लगेच कळेल.

पायाचं तसं नाही. पायाची उखळ कमरेच्या हाडात आहे आणि कमरेचं हाड पाठीच्या कण्याशी गच्च आवळलेलं आहे. उखळ जागची हलत नाही. शिवाय खुब्याच्या पुढच्या बाजूला एक जाड अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, आहे, सगळ्या शरीरातला सर्वांत दणकट. पाय मागे नेलास की साधारण 20 अंशांवर तो ताणला जातो आणि ‘बास’ म्हणतो. त्यापुढे पाय मागे गेल्यासारखा वाटतो तेव्हा वाकते ती कंबर. तू पडलास तो तिथेच. नाहीतर लहानसं वर्तुळ पायालाही काढता येतं. भिंतीला धरून करून बघ.

आमच्या शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये दर वर्षी एक दिवस खुब्याचा असायचा. मुलं सगळे स्नायू कापायची, अस्थिबंध कापायची, सांध्याची पिशवीही उघडायची, आणि मग पाय ओढायची. पाय काही निघायचा नाही. दोघं ओढायची, तिघं ओढायची. शेवटी कडेखालून हवा आत शिरली की ‘पॉक’ असा आवाज यायचा आणि गोळा बाहेर. जर्मनीतल्या वेबर बंधूंनी 1836 साली हेच दाखवलं होतं. त्यांनी उखळीला पाठीमागून भोक पाडलं, हवा आत गेली आणि पाय आपोआप खाली घसरला. खांद्यासाठी असा काही सोहळा लागत नाही. स्नायू सोडवले की लिंबू हातात.

म्हणूनच मोठ्या सांध्यांमध्ये सर्वांत जास्त निखळतो तो खांदा. माझ्या धाकट्या भावाचा खांदा एकोणिसाव्या वर्षी कबड्डीत निखळला. दुसऱ्यांदा सदरा घालताना. तिसऱ्यांदा झोपेत कूस बदलताना! तरुणपणी एकदा निखळला की तो पुन्हा पुन्हा निखळायची शक्यता बरीच असते, कारण पहिल्या वेळीच चमच्याची कडा फाटलेली असते. तुमच्या गावात तालीम असेल आणि मुद्गल फिरवायचा मोह झाला, तर हलक्यापासून सुरुवात कर. फिरवणारे स्नायू मोठे असतात, धरून ठेवणारे छोटे. छोट्यांना तयार व्हायला वेळ लागतो.

ता. क. मध्ये बॉलिंगचं विचारलं आहेस. हात खांद्यातून गोल फिरलेला चालतो, चेंडू टाकताना वाकलेलं कोपर सरळ करणं चालत नाही. क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय नियमात त्याला 15 अंशांपर्यंत सूट आहे. त्याहून जास्त झालं तर तो फेकी चेंडू.

माझा उजवा खुबा दुखतो. वय 66. डॉक्टरांनी काठी डाव्या हातात धरायला सांगितली. सोसायटीतल्या सगळ्या जणी म्हणतात, दुखऱ्या बाजूला धरा. मीही आता गोंधळले आहे.
– एक आजी, इचलकरंजी

डॉक्टर बरोबर आहेत आजी. सोसायटीला हे उत्तर वाचून दाखवा.

चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभ्या असतो. उजव्या पायावर उभ्या राहिलात की डावा पाय, धड, डोकं, हातातली भाजीची पिशवी, सगळं उजव्या खुब्याच्या डावीकडे लोंबतं आणि कंबर डावीकडे कलायला बघते. ती कलू नये म्हणून उजव्या कुल्ह्याच्या बाहेरचा स्नायू खाली ओढून धरतो. तराजूच समजा. मधला काटा म्हणजे खुबा, एका पारड्यात तुमचं अंग, दुसऱ्यात तो स्नायू. फक्त हा तराजू वाकडा आहे. स्नायूची दांडी आखूड, अंगाची लांब. आखूड दांडीवरून तोलायचं तर जोर जास्त लावावा लागतो. स्नायूचा हा जोर आणि अंगाचं वजन, दोन्ही शेवटी काट्यावरच येतात. वजन 60 किलो असेल तर एका पायावर उभं राहताना खुब्यावर 150 ते 180 किलोंचा भार येतो. विश्वास बसत नाही ना? माझ्या विद्यार्थ्यांचाही बसायचा नाही. फळ्यावर गणित करून दाखवावं लागायचं.

आता काठी. डाव्या हातातली काठी खुब्यापासून लांब असते. तिथून थोडा रेटा दिला तरी लोंबणारं अंग चांगलं उचललं जातं, आणि त्या उजव्या स्नायूला तितकं ओढावं लागत नाही. लांब दांडीचा फायदा आता तुमच्याकडे आला. काठी उजव्या हातात धरली तर ती खुब्याच्या अगदी जवळ येते, दांडीच उरत नाही. तिथं उपयोग व्हायचा तर काठीवर सगळं अंग टाकावं लागेल, आणि तसं चालणारी माणसं उजवीकडे झुकत, डुलत चालतात. बघितली असतील.

काठीची उंची: हात सरळ खाली सोडा, मूठ मनगटाच्या घडीला यावी. फार उंच काठीनं खांदा दुखतो आणि मग तुम्ही मला खांद्याचं पत्र लिहाल. चालताना काठी आणि उजवा पाय बरोबर पुढे टाका. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

मी फिटर आहे. उजव्या हातानं स्क्रू आवळायला जोर मिळतो, तोच सोडवायला गेलं तर मिळत नाही. गंजामुळे म्हणावं तर नवा स्क्रू असला तरी तसंच. मनगटात काही दोष आहे का?
– पिंपरी-चिंचवडहून

दोष नाही, रचनाच तशी आहे. आणि हे मनगटाचं काम नाहीच. पाना सोडा, फक्त हात बघा. तीर्थ घेताना तळहात वर असतो, आशीर्वाद देताना खाली. या दोन्हींच्या मध्ये मनगट वळत नाही, वळतं ते कोपरापासून मनगटापर्यंतचं एक हाड. पुढच्या हातात दोन हाडं. करंगळीच्या बाजूचं कोपराला बिजागरीसारखं बसलेलं, ते फक्त उघडतं-मिटतं. अंगठ्याच्या बाजूचं हाड कोपराजवळ एका अस्थिबंधाच्या कड्यात बसलेलं आहे आणि त्या कड्यात गरगर फिरतं. तळहात वर असताना दोन्ही हाडं शेजारी शेजारी, तळहात खाली केलात की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून कात्रीसारखं आडवं जातं.

आता फिरवतं कोण? सगळ्यांना वाटतं दंडातली बेटकुळी कोपर वाकवण्यासाठी आहे. ते तिचं एक काम. तिची दोरी बरोबर त्या फिरणाऱ्या हाडाच्या आतल्या बाजूच्या उंचवट्याला बांधलेली आहे. तळहात खाली असताना ती दोरी रहाटाला गुंडाळल्यासारखी हाडाभोवती वळसा घेते. बेटकुळी आवळली की वळसा सुटतो आणि तळहात वर येतो. उजव्या हातानं स्क्रू आवळण्याची दिशा हीच. सोडवायच्या दिशेला बेटकुळीची मदत नाही, तिथे पुढच्या हातातले लहान स्नायू एकटे झगडतात. तुमच्या कारखान्यात कोणी डावखुरा असेल तर त्याला विचारा, त्याचं बरोबर उलटं असेल.

कोपर काटकोनात वाकवून पिळलंत तर बेटकुळीला सर्वांत जास्त जोर मिळतो. हात सरळ ताणून आवळायला जाऊ नका. हे तुम्ही न सांगताही करत असणार. घट्ट बसलेला स्क्रू सोडवायचा तर सरळ डाव्या हातात घ्या.

त्याच कड्याबद्दल एक गोष्ट, तुमच्या घरात लहान मूल असेल तर. पाच वर्षांखालच्या मुलांचं ते कडं सैल असतं. मूल रस्त्यात हट्ट करून बसलं आणि कुणी एका हाताला धरून हिसक्यानं उचललं, की हाड कड्यातून अर्धवट निसटतं. मूल रडतं, हात अंगाशी धरून ठेवतं, हलवत नाही. डॉक्टर तो क्षणात बसवतात. घरी बसवू नका. उचलताना दोन्ही बगलांत धरा.

माझा मुलगा दिवसभर कडाकडा बोटं मोडतो. संधिवात होईल असं मी ओरडते. होतो का?
– कल्याण

होत नाही. पण ओरडायचं असेल तर आवाजाचं कारण देऊन ओरडा.

बोटाचा सांधा एका बंद पिशवीत असतो, आत घट्टसर द्रव. बोट ओढलं की आतली जागा एकदम वाढते, दाब उतरतो आणि द्रवात विरघळलेला वायू बुडबुडा होऊन बाहेर येतो. गोटी सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं. 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एमआरआय मशीनमध्ये बोटं मोडून घेतली आणि बुडबुडा तयार होताना पाहिला. तो पुन्हा विरघळायला साधारण वीस मिनिटं लागतात, म्हणून मोडलेलं बोट लगेच पुन्हा वाजत नाही. मुलगा खरंच दिवसभर वाजवत असेल तर एकेका बोटाची पाळी ठरवून घेत असणार, हुशार दिसतो.

डोनाल्ड अंगर या अमेरिकन डॉक्टरांनाही लहानपणी घरच्यांनी हीच भीती घातली होती. त्यांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. शेवटी दोन्ही हात तपासले. संधिवात कुठेच नव्हता. त्यांना 2009 साली इग नोबेल मिळालं, हसवणाऱ्या संशोधनाला देतात ते. एका माणसाचा पुरावा हा काही पुरावा नव्हे, हे खरं. पण साठ वर्षं!

आवाजासोबत दुखत असेल किंवा सूज असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा दाखवा. तसं नसेल तर मुलाच्या नावानं बोटं मोडणं थांबवा.

तीन महिन्यांची मुलगी आहे, जन्माला पायाळू. आई अंघोळीनंतर तिचे पाय सरळ ओढून, जुळवून घट्ट गुंडाळते, म्हणजे पाय वाकडे होत नाहीत म्हणे. बायको नको म्हणते. मी मधल्या मध्ये.
– एक बाबा, नाशिक

बायकोच्या बाजूला या.

मघाशी खुब्याची उखळ खोल असते असं लिहिलं. ती जन्मतः तेवढी खोल नसते. बाळाच्या खुब्यात बरीचशी कूर्चा असते, आणि गोळा आत नीट बसून हलत राहिला तरच त्याच्याभोवती उखळ घडते. कुंभार ओल्या मातीत मूठ फिरवतो तसं. गोळा मध्यावर नसेल तर उखळ उथळच राहते. गोळा मध्यावर केव्हा असतो? पाय गुडघ्यात वाकलेले आणि फाकलेले असताना, बेडकासारखे. बाळ निजलं की आपण होऊन तसेच ठेवतं. पाय सरळ करून जुळवले की गोळा उखळीच्या काठाकडे ढकलला जातो. जपानमध्ये 1970 च्या दशकात बाळाचे पाय सरळ बांधू नका अशी मोहीम काढली आणि खुबा निखळलेली बाळं लक्षणीय कमी झाली.

तुमच्या पत्रातला ‘पायाळू’ हा शब्द वाचून मी सावरून बसले. पायाळूनं लाथ मारली की कंबरेची उसण जाते म्हणतात. माझ्या आजोळी एक पायाळू मामा होते, रविवारी त्यांच्या अंगणात उसण भरलेली माणसं ओणवी उभी असायची. त्या लाथेचं मला माहीत नाही. पण पायाळू बाळाच्या खुब्याकडे लक्ष द्यावं लागतं हे नक्की. असा दोष मुलींमध्ये आणि पायाळू बाळांमध्ये जास्त आढळतो, आणि तुमची लेक दोन्हीत बसते. अजून सोनोग्राफी झाली नसेल तर याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना विचारा. इतक्या लवकर कळलं तर पट्ट्यांनी पाय फाकवून ठेवून काम भागतं. चालायला लागल्यावर कळलं तर ऑपरेशन.

आईंना दुखवू नका. त्यांना म्हणावं, कुंची बांधा, दुपट्यात गुंडाळा, हात हवे तर आवळा, फक्त कमरेखाली सैल ठेवा. आणि मान धरल्यावर कडेवर घ्या. कडेवर घेतलेल्या बाळाचे पाय आपल्या कमरेला कसे बसतात आठवा. वाकलेले आणि फाकलेले. आपल्या बायका हे पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत, ते सोडून पाय ओढायचं कुठून आलं कोण जाणे.

गुडघ्यात गॅप पडलाय, वंगण संपलंय. रात्री भेंडी पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी प्यायलं तर वंगण भरतं असा मेसेज आला आहे. किती दिवस घ्यावं?
– लातूर

एकही दिवस नको. भेंडीची भाजी करा.

भेंडीचा चिकटपणा पोटात जातो आणि तिथेच त्याचा निकाल लागतो. पोटातून गुडघ्यात जाणारी नळी नाही. सांध्याचं वंगण सांध्याच्या पिशवीचं आतलं अस्तर स्वतः बनवतं, आणि निरोगी गुडघ्यात ते असतं तरी किती? चहाच्या चमच्याएवढंही नाही. दिसायला अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं. गुडघ्यात पाणी झालं म्हणतात तेव्हा हेच द्रव वाढलेलं असतं, म्हणजे दुखऱ्या गुडघ्यात बहुतेक वेळा ते जास्तच असतं.

आणि तो गॅप. एक्स-रेत दोन हाडांमध्ये काळी फट दिसते ती रिकामी नसते. तिथं कूर्चा असते, ती एक्स-रेत दिसत नाही. कूर्चा झिजली की हाडं जवळ येतात आणि फट कमी होते. म्हणजे गॅप पडला ही वाईट बातमी नाही, गॅप गेला ही वाईट बातमी. तुमच्या डॉक्टरांनी नक्की काय म्हटलं होतं, रिपोर्ट पुन्हा वाचून बघा.

कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टाकलं की ती दबते, उचललं की फुगते, आणि स्पंजासारखी त्या चमचाभर द्रवातून आपलं अन्न ओढून घेते. म्हणून पूर्ण विश्रांती हा गुडघ्यावर उपाय नव्हे. खुर्चीवर बसून पाय सरळ करा, दहा आकडे धरा, सोडा. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याला बरं वाटतं. वजनाचं मी लिहीत नाही, ते तुम्हाला सगळे सांगतच असतील.

‘उखळीचा सांधा’ हा शब्द इंग्रजीवरून केलेला दिसतो. बॉल आणि सॉकेटसाठी आपल्याकडे मूळ शब्द नव्हता का?
– निवृत्त संस्कृत शिक्षक, वाई

गुरुजी, प्रश्न तुम्ही विचारावा आणि उत्तर मी द्यावं, हे बरं नव्हे. सुश्रुतसंहितेचं शारीरस्थान काढा, पाचवा अध्याय. सांध्यांचे आठ प्रकार एका दमात सांगितले आहेत: कोर, उलूखल, सामुद्ग, प्रतर, तुन्नसेवनी, वायसतुंड, मंडल, शंखावर्त. एकूण सांधे मोजले आहेत 210. त्यातलं उलूखल म्हणजेच आपलं उखळ. बगल आणि जांघ इथले सांधे उलूखल, असं स्पष्ट म्हटलं आहे. शब्द इंग्रजीतून आलेला नाही, माजघरातून आला आहे.

तिथंच त्यांनी दातही उलूखलात घातले आहेत. विद्यार्थी हसायचे. पण दात जबड्यात कसा बसतो बघा, खळग्यात रोवलेला. हलत नाही एवढंच. सुश्रुतांनी आकार पाहिला, आपण हालचाल पाहून नावं देतो. बोटं, मनगट, घोटा, गुडघा, कोपर हे त्यांचे कोर, आपण त्यांना मोकळेपणी बिजागरीचे म्हणतो. मनगट मात्र बिजागरी नव्हे आणि गुडघाही पूर्ण नव्हे. पाय सरळ करताना शेवटच्या टप्प्यात मांडीचं हाड आतल्या बाजूला किंचित वळून कुलूप लागल्यासारखं बसतं. त्यामुळे रांगेत तासभर उभं राहता येतं. कवटीच्या हाडांच्या जोडांना ते तुन्नसेवनी म्हणतात, म्हणजे शिवण. आमच्या लॅटिन पुस्तकातही त्याचं नाव शिवणच आहे. दोन्हीकडच्या माणसांनी तीच नागमोडी टाकेवजा रेघ पाहिली.

सगळ्यांत मला आवडतो तो वायसतुंड, कावळ्याची चोच. जबड्याच्या दोन्ही बाजूंचा सांधा. आणि आजच्या पुस्तकात जबड्याच्या वरच्या टोकदार भागाचं नाव काय आहे? कोरोनॉइड. ग्रीक ‘कोरोने’ म्हणजे कावळा. मी पहिल्यांदा हे दोन्ही शब्द शेजारी लिहिले तेव्हा वर्ग सुरू होता, तरी खडू हातात धरून थोडा वेळ नुसती उभी राहिले.

त्यांची यादी जिथं अपुरी वाटते ती जागा मानेची. मान आणि पाठ त्यांनी एकाच प्रतर प्रकारात टाकली. पण मानेचे वरचे दोन मणके वेगळे आहेत. दुसऱ्या मणक्यातून एक खुंटी वर आलेली असते आणि पहिला मणका कड्यासारखा तिच्याभोवती फिरतो. जात्याच्या खालच्या तळीतली खीळ आणि वर फिरणारी तळी, अगदी तसं. मान दोन्हीकडे जेवढी वळते त्यातली निम्मी या एकाच जोडातून. आपण मान हलवून ‘नाही’ म्हणतो ते इथून, आणि ‘हो’ म्हणतो ते त्याच्या वरच्या, कवटीच्या सांध्यातून.

कानाचे सांधे सुश्रुतांनी शंखावर्तात घातले. कानाच्या आत तीन चिमुकली हाडं आहेत, ती त्यांच्या पद्धतीनं दिसण्यासारखी नव्हती. शव सात दिवस वाहत्या पाण्यात ठेवून वाळ्याच्या कुंच्यानं थर थर घासून काढायचे ते. त्या हाडांतलं शेवटचं रिकिबीच्या आकाराचं, तीन मिलिमीटरच्या आसपास उंच, आणि मधल्या हाडाशी त्याचा जो जोड आहे तो उखळीचा. खुब्यात आहे तोच नमुना, मोहरीहून लहान.

एकदा परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ते हाड काढताना माझ्या चिमट्यातून उडालं. आमच्या हॉलचे मामा, ज्यांनी तिथं माझ्याहून जास्त वर्षं काढली होती, त्यांनी कुणालाही हलू दिलं नाही. पंखा बंद केला, ओला ब्रश घेतला आणि गुडघे टेकून फरशीच्या एकेका सांध्यात बघत गेले. अर्ध्या तासानं उठले ते ब्रशच्या टोकावर हाड घेऊन. ‘बाई,’ म्हणाले, ‘हे नसतं सापडलं तर मी तांदळाची कणी ठेवली असती. परीक्षकांनाही चष्मा आहे.’